पाण्याचा कर, पाण्याचा दर

२०१६ च्या मे महिन्यात मध्य रेल्वेने लातूरच्या जिल्हा प्रशासनाला सुमारे ४ कोटी रुपयांचं बिल पाठवलं. त्याआधी महिनाभर मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावत होती आणि तोवर तिने ६ कोटी २० लाख लिटर पाणी आणून टाकलं होतं. भागाकार केला तर लिटरमागे पासष्ट पैशांच्या आसपास येतात. मार्चमध्ये ज्या शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, त्या शहराच्या नावावर हे बिल आलं म्हटल्यावर गदारोळ उठला. तहानलेल्याकडून पैसे कसले मागता, असा सगळ्यांचा सूर होता. रेल्वेने खुलासा केला की जिल्हा प्रशासनानेच खर्च विचारला, म्हणून आकडा कळवला.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. ते बिल वाहतुकीचं होतं. रेल्वेने लातूरला पाणी विकलं नव्हतं, वाहून आणलं होतं. पाणी कृष्णेचं. मिरजेत रेल्वेची जुनी हैदरखान विहीर आहे, तिथून ते वाघिणींत भरलं जाई. वाघिणी कोट्याच्या कार्यशाळेत आतून वाफेने धुऊन आणलेल्या. पहिली गाडी १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटरची. ती १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली तेव्हा स्थानकावर गर्दी जमली होती. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास, इंजिन, चालक, वाघिणी आणि त्यांचं रिकामं परतणं हे सगळं त्या पासष्ट पैशांत होतं. बिलाच्या कागदावर मात्र लोकांना दिसलं ते ‘पाण्याचे पैसे’.

रेल्वे आणि शहराची पाणीपुरवठा यंत्रणा यांच्यात पाण्याचा हिशेब निघतो तेव्हा हा घोटाळा हमखास होतो. बिलावर शब्द एकच असतो, पाणी. पण त्या शब्दाखाली कधी वाहतूक असते, कधी नळजोडणी, कधी गटार, कधी जमिनीचं भाडं, आणि कधी खरोखरच मोजून दिलेलं पाणी असतं. नेमकं काय विकलं गेलं हे एकदा ठरलं की आकड्यावरचं भांडण अर्धं मिटतं. ते ठरवायला आपल्याकडे दीडशे वर्षं लागली आहेत आणि काही ठिकाणी ते अजून ठरायचं आहे.

सुरुवातीला रेल्वेला कुणाकडून पाणी घ्यायची गरजच नव्हती, कारण देण्याइतकं पाणी कुणाकडे नव्हतं. वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो हे सगळ्यांना आठवतं. पण वजनाने पाहिलं तर त्याला कोळशाच्या सहा-सात पट पाणी लागे. मोठ्या इंजिनाच्या मागच्या टेंडरमध्ये वीस-पंचवीस हजार लिटर पाणी मावायचं, आणि तेही काही तासांत वाफ होऊन धुराड्यातून उडून जायचं. त्यात पाणी कसलंही चालत नसे. जड पाण्याने बॉयलरच्या नळ्यांवर खर धरायची. खर धरली की उष्णता आत पोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि नळी तापून फुटण्याची भीती असते. म्हणून लोहमार्गाची आखणी करणारा इंजिनिअर डोंगराचा चढ जितक्या काळजीने बघे, तितक्याच काळजीने गोडं पाणी कुठे आहे हेही बघत असे.

लोणावळ्याचं भुशी धरण हे याचं आपल्या अगदी ओळखीचं उदाहरण. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर बसून भिजायला हजारो माणसं जातात. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की ते धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं आणि आजही रेल्वेच्याच मालकीचं आहे. १८६३ मध्ये बोरघाट सुरू झाला. ३७ फुटांना १ फूट असा चढ ओढून वर आलेली इंजिनं लोणावळ्याला तहानलेली पोचत. त्यांच्यासाठी इंद्रायणीच्या उगमाजवळ पाणी अडवलं. भुसावळला तापीवर रेल्वेचा बंधारा आहे. मनमाडसारख्या कोरड्या जंक्शनला तर पाणी हा आजही रोजचा विषय आहे. पालखेडच्या कालव्याला पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटतं, तेव्हा त्यात गावाचा वाटा असतो तसा रेल्वेचाही असतो.

अशा ठिकाणी रेल्वे ही स्वतःच एक पाणीपुरवठा संस्था बनली. धरण तिचं, पंप तिचे, बिडाचे पाइप तिचे, उंच टाकी तिची आणि नळही तिच्याच चाळीतले. आजूबाजूचं गाव विहिरींवर आणि आडांवर असताना रेल्वेच्या वसाहतीत नळाला पाणी येई. बऱ्याच गावांत ‘रेल्वेचं पाणी’ म्हणजे चांगलं पाणी, अशी समजूत होती आणि ती रास्त होती. नगरपालिकांच्या पाणीयोजना नंतर आल्या.

ही जुनी स्वयंपूर्णता लक्षात ठेवायला हवी. पुढे बिलांचे वाद न्यायालयात गेले तेव्हा ‘आम्ही आमचं पाहतो, तुम्ही आम्हाला काय देता?’ हा रेल्वेचा प्रश्न तिथूनच उगवलेला होता.

वाफेची इंजिनं गेली. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर ते फिरोजपूर धावली. रेल्वेची तहान मात्र गेली नाही, तिने जागा बदलली. आता पाणी लागतं ते डब्यांच्या टाक्या भरायला, धुलाई मार्गावर गाडी धुवायला, फलाट स्वच्छ करायला, वसाहती, रुग्णालयं आणि विश्रांतिगृहांना. जुन्या निळ्या डब्याच्या छपरावरच्या टाक्यांत मिळून १,८०० लिटर पाणी मावतं. वीस-बावीस डब्यांची एक गाडी पाण्याने भरायची म्हणजे एका मोठ्या इमारतीची दिवसभराची गरज भागवण्यासारखं आहे, आणि ते काम फलाटावर गाडी उभी असते तेवढ्या मिनिटांत करायचं. शहरं वाढली, जुन्या विहिरी आटल्या किंवा खराब झाल्या, आणि रेल्वे बऱ्याच ठिकाणी महापालिकेची, प्राधिकरणाची किंवा पाटबंधारे खात्याची ग्राहक झाली.

ग्राहक म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या वर्गातला? कर्मचाऱ्यांच्या चाळीतला नळ घरगुती. फलाटावरच्या उपाहारगृहाचा नळ व्यापारी. डबे धुण्याच्या जागेचं काय? ते उद्योग म्हणावं तर तिथे कुठला माल तयार होत नाही. घरगुती म्हणावं तर तिथे कुणी राहत नाही. महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरवतं. त्यात घरगुती वापर, उद्योगातला प्रक्रियेचा वापर आणि पाणी हाच कच्चा माल असलेले उद्योग यांचे दर वेगवेगळे आहेत. एकाच मोठ्या पाइपमधून येणारं पाणी रेल्वेच्या हद्दीत शिरल्यावर या साऱ्या वापरांत विभागलं जातं, आणि पाइपला मात्र मीटर एकच असतं. मग सगळ्याला एक दर लावायचा की टक्केवारी ठरवून वाटायचं, यावर पत्रव्यवहाराच्या जाड फायली होतात.

याहून खोल प्रश्न होता तो पैसे देणं लागतो का, हाच. तो उभा राहिला अलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला.

उत्तर प्रदेशात १९७५ चा पाणीपुरवठा व मलनिस्सारण कायदा आहे. त्याखाली शहरोशहरी जलसंस्थानं स्थापन झाली. अलाहाबादच्या जलसंस्थानाने रेल्वेच्या मालमत्तांकडे पाणी आणि मलनिस्सारणापोटी रक्कम मागितली. रेल्वेने राज्यघटनेचं कलम २८५ पुढे केलं. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातल्या कुठल्याही संस्थेला कर लावता येणार नाही, संसदेने तशी मुभा दिली असेल तरच लावता येईल, असं ते कलम सांगतं. रेल्वेच्या स्वतःच्या १९८९ च्या कायद्यातही तसंच आहे: केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय स्थानिक संस्थेच्या निधीसाठी रेल्वे कर देणार नाही. रेल्वेचं म्हणणं वरवर पाहता पक्कं होतं. कायद्यातच ‘कर’ असा शब्द असेल, तर घटनेने तो माफ केला आहे.

इथे मराठी वाचकाने आपल्या घरातल्या एका शब्दाकडे बघावं. आपण ‘घरपट्टी-पाणीपट्टी’ असं एका दमात म्हणतो. पट्टी म्हणजे बसवलेली वसुली. पण या दोन पट्ट्या एका जातीच्या आहेत का? घरपट्टी घराच्या मूल्यावर बसते. घर वर्षभर कुलूपबंद राहिलं तरी ती भरावी लागते आणि तिच्या बदल्यात नेमकं काय मिळालं असं विचारता येत नाही. पाणीपट्टीचं तसं नाही. नळ नसेल तर ती सहसा येत नाही. पण अनेक नगरपालिकांत ती अर्धा इंची नळाला वर्षाला इतके रुपये अशी ठोक असते. दहा हंडे भरा नाही तर शंभर, रक्कम तीच. अशी पाणीपट्टी दिसायला कर आणि स्वभावाने किंमत असते. मीटर लागलं की तिचा चेहराही किमतीसारखा होतो. ‘पट्टी’ या एका शब्दाने आपण दोन्ही गोष्टी इतकी वर्षं झाकून ठेवल्या आणि घरगुती ग्राहकाला त्याने काही फरक पडला नाही, कारण त्याला दोन्ही भरायच्याच होत्या. फरक पडतो तो ज्याला कर माफ आहे अशा ग्राहकाला. रेल्वे तशी ग्राहक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निकाल दिला तो रेल्वेच्या विरोधात. न्यायालयाने शब्दाची साल सोलून आतला गर पाहिला. या रकमेला ढिलेपणाने कर म्हटलं असलं तरी प्रत्यक्षात ती पाणी पुरवण्याचा आणि मलनिस्सारणाची व्यवस्था चालवण्याचा मोबदला आहे. मोबदला म्हणजे शुल्क, आणि कलम २८५ ची माफी करांना आहे, शुल्काला नाही. सेवा घेतली असेल तर पैसे द्यावे लागतील.

मला हा निकाल योग्य वाटतो, आणि त्याचं कारण कायद्याच्या बाहेरही आहे. पाणी शहरात आणणं हे जिवंत, रोजचं, महागडं काम आहे. नदीवरचा पंप विजेवर चालतो, तुरटी आणि क्लोरिन विकत आणावं लागतं, फुटलेली पाइपलाइन रात्री दोन वाजता उकरून जोडावी लागते. शहरातल्या सगळ्यात मोठ्या ग्राहकांपैकी एकाने हा खर्च उचलला नाही तर तो बाकीच्यांच्या पट्टीत जातो. अर्धा इंची नळवाल्या माणसाने राष्ट्रीय रेल्वेच्या पाण्याचा भार वाहावा, हे कुठल्याच घटनाकाराच्या मनात असणार नाही.

तरी रेल्वेची बाजू पोकळ नव्हती, आणि ते २००९ च्या दुसऱ्या प्रकरणात दिसतं. गुजरातेतल्या राजकोट महापालिकेचा आणि केंद्र सरकारचा वाद केंद्राच्या मालमत्तांवरच्या आकारणीचा होता. कर नाही तर नाही, पण रस्ते, दिवे, गटारं, साफसफाई या सेवांचे पैसे किती, हा प्रश्न होता. केंद्राची जुनी परिपत्रकं होती, १९५४ पासूनची. त्यांच्या आधाराने १९ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयात तीन पायऱ्या नोंदवल्या गेल्या. केंद्राचं खातं महापालिकेच्या सगळ्या सेवा घेत असेल, तर इतरांना जितका मालमत्ता कर पडला असता त्याच्या ७५ टक्के सेवाशुल्क द्यायचं. काही सेवा घेत असेल तर ५० टक्के. काहीच घेत नसेल तरी ३३⅓ टक्के. आणि प्रत्येक महापालिकेशी संबंधित खात्याने करार करायचा.

भुशी धरण इथे परत येतं. ज्या वसाहतीचं पाणी रेल्वेचं, गटार रेल्वेचं, रस्त्यावरचे दिवे रेल्वेचे, ती खालच्या पायरीवर जाते. ज्या वसाहतीने आपली विहीर बंद करून महापालिकेचा नळ घेतला, ती वर सरकते. शंभर वर्षांपूर्वी इंजिनासाठी बांधलेली टाकी आजही सेवाशुल्काच्या टक्केवारीत मोजली जाऊ शकते. जुनी पाणीव्यवस्था जपणं हे रेल्वेच्या हिताचं आहे ते असं. दुर्दैवाने बऱ्याच जागी त्या विहिरींत गाळ आणि कचरा साचला, कारण नळ आल्यावर विहिरीकडे बघणारं माणूस राहिलं नाही.

तत्त्व ठरलं तरी पैसे मीटरवर अडतात, आणि हे मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मीटर कुठे बसवलं आहे हा करारातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ते महापालिकेच्या मुख्य वाहिनीजवळ असेल, तर तिथून रेल्वेच्या टाकीपर्यंतच्या पाइपमधली गळती रेल्वेच्या माथी येते. रेल्वेच्या टाकीशी असेल तर ती महापालिकेच्या माथी. आणि हे पाइप अनेकदा इंग्रजांच्या काळातले, बिडाचे, रुळांखालून गेलेले. महापालिका म्हणते, मीटरमधून इतकं पाणी गेलं. रेल्वे म्हणते, इतकं आमच्या टाकीत आलंच नाही. दोघंही खरं बोलत असतात. मधलं पाणी खडीत मुरलेलं असतं.

त्यात आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी सुटतं तेव्हा आधी पाइपमधली हवा जोराने बाहेर पडते आणि ती हवाही मीटरचे काटे फिरवते. मीटर बंद पडलं की सरासरीचं बिल येतं, आणि सरासरी ज्या महिन्यांवरून काढली ते महिने कोरडे होते की भरपूर पाण्याचे, यावर वाद होतो. वाद म्हणून बिल थांबतं. बिल थांबलं म्हणून विलंब आकार चढतो. काही वर्षांनी मुद्दलापेक्षा विलंब आकाराचंच भांडण मोठं होतं.

मग साध्या ग्राहकाचा नळ तोडतात तसा हा का तोडत नाहीत? तोडला तर त्रास होईल डब्यात बसलेल्या प्रवाशाला आणि चाळीतल्या बाळाला, आणि त्या दोघांनी बिल थकवलेलं नसतं. दुसरीकडे रेल्वेही महापालिकेला बिलं पाठवत असते. शहराची जलवाहिनी रुळांखालून किंवा रेल्वेच्या जमिनीतून गेली असेल, तर त्या जागेच्या वापराचा आकार रेल्वे लावते, त्याला वे-लीव्ह म्हणतात. काम चालू असताना देखरेखीचा आकारही लागतो. म्हणजे एकाच पाइपच्या एका टोकाला महापालिकेचं बिल आणि मधल्या तुकड्यावर रेल्वेचं. आम्ही तुम्हाला इतके देणं, तुम्ही आम्हाला तितके, फिटंफाट करून टाकू, हा मोह दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना होतो. तो आवरावा असं मला वाटतं. पाण्याचे पैसे जमिनीच्या भाड्यात जिरवले की पाणी किती वापरलं हा आकडा दोन्ही दप्तरांतून नाहीसा होतो, आणि पुढच्या वर्षी गळती शोधायला कुणालाच कारण उरत नाही.

थकबाकी मिटते ती कंटाळवाण्या मार्गाने. दोन्हीकडची माणसं एकत्र मीटर बघतात, आकडा लिहून दोघंही सही करतात. जुन्या बिलांचा महिन्यावार ताळमेळ घालतात. वाद नसलेली रक्कम आधी चुकती होते, वादाची बाजूला निघते. विलंब आकारावर सूट देणारी अभय योजना असेल तर तिचा आधार घेतात. रेल्वेत बिल आधी बांधकाम शाखेचा इंजिनिअर तपासतो, मग लेखा विभाग. मागच्या वर्षांची रक्कम या वर्षाच्या तरतुदीत बसत नसेल तर नवी मंजुरी लागते. इतकं झाल्यावर पैसे हलतात.

लातूरनंतर तीन वर्षांनी चेन्नईत पाणी संपलं तेव्हा हा हिशेब उलट्या क्रमाने झाला, म्हणजे आधी दर आणि मग गाडी. जोलारपेट्टईहून चेन्नईला पाणी आणायचं होतं, अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. पैसे देणार होतं चेन्नईचं पाणीपुरवठा मंडळ, ज्याला तिथे मेट्रोवॉटर म्हणतात. खेपेला साडेसात लाख रुपये, ५० वाघिणी, २५ लाख लिटर. लिटरला तीस पैसे पडले. लातूरच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये, कारण अंतर वेगळं आणि त्यात धरलेला खर्चही वेगळा असू शकतो. पण इथे कुणाला पुढे धक्का बसला नाही, कारण पैसे वाहतुकीचे आहेत हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. १२ जुलै २०१९ रोजी पहिली गाडी विल्लिवाक्कमला लागली. तिथून पाणी पाइपने किलपॉकच्या शुद्धीकरण केंद्रात गेलं आणि शहराच्या नेहमीच्या पाण्यात मिसळलं.